बोंब-चाचणी

मोजणी सेवा बसवून झाली, पहिल्या तासाचे आकडे आले, आणि त्या तासात सगळ्यांत जास्त मेमरी आणि प्रोसेसर कोणी खाल्ला म्हणून बघावं तर मोजणी सेवेनेच. आर्वो केंपाइनेनने खुर्ची मागे ढकलून पडद्याकडे लांबून पाहिलं. लांबूनही तेच दिसत होतं.

"मार्लीन, ही स्वतःलाच मोजतेय."

"मोजू दे की," मार्लीन हूकस्ट्रा फोनवरून म्हणाली. ती ग्रँड रॅपिड्सच्या मुख्य कचेरीत बसायची, म्हणजे इथून गाडीने निघालं तर अख्खा दिवस मोडेल इतक्या लांब. "तिच्यासमोर मालक म्हणून कंपनीचं नाव टाक. महिनाअखेरीला अहवाल वर जातो. एकाही मशीनचा मालकाचा रकाना रिकामा राहिला तर सेवा अख्खा अहवाल परत फेकते."

"म्हणजे मोजणी सेवा बसवल्यामुळे आपला वापर वाढला."

"हो."

"आणि वाढलाय हे मोजणी सेवा बसवली म्हणून कळलं."

"आर्वो, पुढची ओळ घे."

आर्वोने पुढची ओळ घेतली.

ही कचेरी म्हणजे हॅनकॉकच्या वरच्या टेकडीवरची एक जुनी दगडी इमारत. तांब्याच्या खाणी चालू होत्या तेव्हा खाणकामगार इथे कपडे बदलायचे. खाणी बंद पडल्या आणि बरीच वर्षं तिथे फक्त कबुतरं कपडे न बदलता राहिली. मग रेइनो मॅटिला नावाच्या माणसाने त्या इमारतीत सर्व्हरची लोखंडी कपाटं आणून ठेवली. वर्षातले सहा महिने बर्फ, म्हणजे मशीन थंड ठेवायचा खर्च निसर्गाकडे. त्या कपाटांत कितीतरी आभासी मशीन नांदत होती आणि गावातले लोक ती भाड्याने घेत. रेइनोने प्रत्येकीला माशाचं नाव दिलं होतं. पेस्टीवाल्या ऑनीची ती 'ट्राउट', हॉकी क्लबची 'पाइक', चर्चची 'व्हाइटफिश'.

रेइनोच्या काळात मोजणी नव्हती, अंदाज होता. कोण किती वापरतंय हे तो कपाटाच्या दाराला हात लावून सांगायचा. गेल्या शरद ऋतूत त्याने कंपनी ग्रँड रॅपिड्सवाल्यांना विकली आणि ऑटर लेकच्या काठी आपल्या घरी मासे मारायला निघून गेला. आर्वोही त्या विक्रीत गेला. करारात कपाटांच्या खाली आणि कॉफी मशीनच्या वर त्याचं नाव होतं. बाकीचे दोघे नोकरी सोडून गेले. तेव्हापासून दगडी इमारतीत आर्वो एकटा, आणि पंखे.

पंखे फार बोलायचे. पण एकच.

वरच्या मिशिगनचे लोक खालच्या मिशिगनकरांना पुलाखालची भुतं म्हणतात, कारण ती मंडळी मोठ्या पुलाच्या खालच्या बाजूला राहतात. मार्लीनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मी भूतच आहे, पण मला पगार मिळतो. चल, कामाला लागू."

काम तसं सरळ होतं. मोजणी सेवेची अवजड फाइल उतरवून घ्यायची. एवढ्यातच एक सकाळ गेली, कारण तिकडची तार बर्फाखालून येते. मग तिला एक पत्ता द्यायचा, पासवर्ड द्यायचा, आणि सगळ्या मशीनकडे बघायची परवानगी द्यायची. फक्त बघायची. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. दर तासाला येऊन प्रत्येकीने काय खाल्लं ते बघून जायचं. आर्वोला वाटलं, अशा प्रकारची माणसं आपण चर्चमध्ये पाहिली आहेत.

एक गोष्ट राहिली. सेवेचं घड्याळ लंडनच्या वेळेवर होतं. इथे दुपार असली की तिच्याकडे संध्याकाळ उलटलेली असायची.

"ते नंतर बघ," मार्लीन म्हणाली. "आधी मालक."

मालक सापडत गेले. ट्राउट, पाइक, व्हाइटफिश, स्मेल्ट. शेवटी एक मशीन उरली. तिचं नाव 'बर्बट'.

बर्बट हा तिकडच्या तळ्यांतला सगळ्यांत कुरूप मासा. जाळ्यात आला की लोक इकडे तिकडे बघतात आणि हा माझा नाही असं म्हणतात. ही मशीनही तशीच होती. दिवसभर निपचित, जवळजवळ शून्य वापर. फक्त रात्री दहाच्या सुमारास एक बारीकसा उंचवटा, एखाद्याने झोपेत कूस बदलावी तसा. मग पुन्हा सपाट. शनिवारी आणि रविवारी तर तेवढंही नाही.

"कोण असेल?" आर्वो म्हणाला. "रोज रात्री दहाला कोणीतरी एकटंच येतं, काहीतरी करतं आणि जातं."

"कवी असेल," मार्लीन म्हणाली. "रिकामा रकाना मला चालत नाही. विचारून ये."

आर्वोने विचारलं. पेस्टीवाल्या ऑनीकडे तो तसाही रोज जायचाच. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाचा सलगमसारखा कंद भरलेली तळहाताएवढी करंजी. एक खाल्ली की माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणत्याही विषयावर बोलत नाही.

"ऑनी, तुमची आणखी एखादी मशीन आहे का आमच्याकडे? बर्बट नावाची?"

"माझ्या नावावर बर्बट?" ऑनीने लाटणं खाली ठेवलं. "रेइनोने असं सांगितलं?"

"नाही, मीच विचारतोय."

"मला ट्राउट मिळालाय. लेखी आहे. ग्रेव्ही की केचप?"

"केचप."

"तुझी आई ग्रेव्ही खायची," ऑनी म्हणाली, आणि तिच्या बाजूने विषय संपला.

हॉकी क्लबने नाही म्हटलं. चर्चने प्रार्थना करून सांगतो असं म्हटलं आणि मग नाही म्हटलं. रेइनोलाच विचारायला हवं होतं, पण रेइनोला फोन करायची पद्धत नव्हती. रेइनोला फोनवर बोलणं आवडायचं नाही. समोर बोलणंही आवडायचं नाही, पण समोर निदान कॉफी असते.

तरी रेइनोशी आर्वोचा रोजचा पत्रव्यवहार होता, आणि आर्वोच्या आयुष्यात ज्यावर विसंबून राहावं असं तेवढंच काय ते होतं. रोज संध्याकाळी तो टेकडी उतरून आपल्या खोलीवर पोचला, बूट काढले, पेस्टी ओव्हनमध्ये टाकली की फोन वाजायचा. पडद्यावर रेइनोचं नाव आणि खाली एक शब्द: "पोचलास?"

आर्वो लिहायचा: "पोचलो."

बस. सहा वर्षं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून. कंपनी विकली तरी मेसेज थांबला नव्हता. आर्वोला या गोष्टीचा मनातून फार अभिमान होता. त्या दोघांसारख्या अबोल फिनिश वंशाच्या माणसांच्या मानाने हा मजकूर जवळजवळ भावनेच्या भरात लिहिलेला होता.

तीन हिवाळ्यांमागे त्याने एकदाच जास्त लिहिलं होतं. "पोचलो. क्रिस्टी गेली. टोस्टरही नेला." पाठवल्यावर त्याला इतकी लाज वाटली की त्याने फोन सोफ्याच्या उशीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला: "पोचलास?" काय माणूस आहे, आर्वोला वाटलं. उगाच खोदून विचारत नाही. मी आहे, एवढंच सांगतो.

"बोंब-चाचणी कर," मंगळवारी सकाळी मार्लीन म्हणाली.

बोंब-चाचणी या धंद्यात सगळीकडे चालते आणि कुठल्याच पुस्तकात शिकवत नाहीत. मशीन कोणाची ते कळत नसेल तर ती बंद करायची आणि गप्प बसायचं. जो बोंब मारत येईल तो मालक. रेइनोने याचे नियम घालून दिले होते: भरदिवसा करायची, आठवड्याच्या मधे करायची, आणि शुक्रवारी कधीच नाही, कारण शुक्रवारची बोंब सोमवारी ऐकू येते.

"शुक्रवारपर्यंत वाट बघ," मार्लीन म्हणाली. "कोणी नाही ओरडलं तर पुसून टाक. कायमची."

दुपारी आर्वोने बर्बट बंद केली. फोन जवळ घेऊन बसला. पंखे बोलत राहिले. भिंतीवर खाणीच्या काळातला खिळे ठोकलेला एक मोठा लाकडी फळा होता, त्यातल्या एका खिळ्यावर तो आपलं जाकीट टांगायचा आणि एकावर कॉफीचा कप. बाकीचे खिळे रिकामे. संध्याकाळपर्यंत कोणी ओरडलं नाही. त्याने जाकीट काढून घेतलं, दिवे मालवले आणि टेकडी उतरला.

बूट काढले. पेस्टी टाकली. फोन वाजला नाही.

असेल कामात, आर्वोला वाटलं. ओव्हनची घंटी वाजली, तो दचकला आणि फोनकडे धावला. फोनचा काही संबंध नव्हता. त्याने केचप घेतलं. खाल्लं. स्वतःहून 'पोचलो' लिहायचं का, असा विचार त्याच्या मनात आला, पण न विचारता उत्तर देणं म्हणजे फारच अंगचटीला जाणं झालं. त्याने ताटली धुतली. एकच ताटली होती, म्हणून परत धुतली.

बुधवारी सकाळी मार्लीनने विचारलं, "बोंब?"

"नाही."

"छान. आवाज का असा?"

"रेइनोचा मेसेज आला नाही काल."

"कोण रेइनो? हां, जुना मालक. मग?"

"मग काही नाही. तो रोज येतो."

"किती म्हातारा आहे तो?"

हा प्रश्न तिने करायला नको होता. आर्वोने दुपारभर दम धरला आणि मग सहा वर्षांत पहिल्यांदा रेइनोच्या त्या नंबरवर फोन लावला. एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला: हा नंबर बोलण्यासाठी उपलब्ध नाही. रेइनोसारखा माणूस मरायच्या आधी फोनची जोडणी बंद करून मगच मरणार, याबद्दल आर्वोला शंका नव्हती.

"मार्लीन, मी आज लवकर निघतो. रेइनो बहुतेक गेलाय."

"अरे देवा." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "त्या बर्बटचं मात्र शुक्रवार हं."

उचलता पूल ओलांडून आर्वो पलीकडे गेला आणि दक्षिणेला लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीच्या टपाएवढे बर्फाचे बांध. वाटेत तो भाषणाची तयारी करत होता. चर्चमध्ये दोन शब्द बोला असं सांगितलं तर काय बोलायचं? 'रेइनो मला रोज विचारायचा.' पुढे काही सुचेना. काय विचारायचा, तर एकच शब्द, आणि तो सांगितल्यावर भाषण संपणार.

ऑटर लेकला पोचला तेव्हा रेइनो सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावर उभा राहून फावड्याने बर्फ खाली ढकलत होता.

"बाजूला हो," रेइनो वरून म्हणाला.

आर्वो बाजूला झाला. तो उभा होता तिथे बर्फाचा ढीग येऊन पडला.

"तुम्ही जिवंत आहात," आर्वो म्हणाला.

रेइनोने थोडा विचार केला. "काय झालं? सर्व्हर बसले?"

"नाही."

"मग आत ये. कॉफी करतो."

स्वयंपाकघरात एकच खुर्ची मोकळी होती, दुसरीवर मासेमारीची जाळी. रेइनोने ती उचलून दाराबाहेर ठेवली. वेलदोड्याचा नीसू पाव कापला. बायको गेल्यापासून पाव तोच भाजायचा आणि तो प्रत्येक वेळी एका बाजूला कलायचा. दोघांनी कॉफी घेतली. अर्धा कप संपल्यावर रेइनो म्हणाला, "बोल."

"कालपासून तुमचा मेसेज नाही."

"कसला मेसेज?"

"पोचलास म्हणून."

"हां, ते," रेइनो म्हणाला. "ते मी कुठे पाठवतो? ते बर्बट पाठवतो."

आर्वोने कप खाली ठेवला. हळूच ठेवला, पण बशीवर वाजला.

"कालपासून नाही म्हणतोस? मग बर्बटला काय झालं?"

"मी बंद केला," आर्वो म्हणाला. "बोंब-चाचणी."

"आणि बोंब मारत कोण आलं?"

रेइनोने त्याच्याकडे पाहिलं, मग पावाकडे.

"माझा बाप खाणीत होता," रेइनो म्हणाला. त्याच्या मानाने हे मोठं भाषण होतं, म्हणून त्याने आधी कॉफी ओतून घेतली. "तुझ्या कचेरीत तो खिळ्यांचा फळा आहे ना, त्यावर पितळी बिल्ले असायचे. खाली उतरताना आपला बिल्ला लावायचा, वर आल्यावर काढायचा. संध्याकाळी फळ्यावर बिल्ला उरला की कोणीतरी खाली राहिलंय. मग शोधायला जायचं. त्याला कोणी विचारायचं नाही की बाबा तू कसा आहेस, सुखी आहेस का. बिल्ला उरलाय का, एवढंच. तू आलास तेव्हा तुझा पहिला हिवाळा, ती टेकडी, तुझे ते टायर. मी बर्बट बनवला. तो विचारतो पोचलास का. तू तासाभरात उत्तर दिलं नाहीस तर माझा फोन ठणाणा वाजतो."

"वाजला कधी?"

"एकदा. त्याच हिवाळ्यात. मी निघालो, पूल ओलांडला, तुझ्या खिडकीशी आलो तर तू आत टॉवेल गुंडाळून पेस्टी खात होतास. सॉनात गेला असशील. मी परत फिरलो."

"दार का नाही वाजवलं?"

"तू पोचला होतास की."

आर्वोने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर तळं होतं, पण बर्फाखाली, म्हणजे आहे असं मानायचं.

"म्हणजे मी जे उत्तर लिहायचो—"

"उत्तर आलं की नाही, एवढंच बर्बट बघतो. काय आलं ते नाही. मला कुठे कळतंय तू काय लिहितोस?"

"क्रिस्टीचं लिहिलं होतं मी."

"कोण क्रिस्टी?"

"कोणी नाही," आर्वो म्हणाला.

रेइनोने आणखी पाव कापला. दोघांनी तो खाल्ला. मग आर्वोच्या डोक्यात एक गोष्ट आली. "आणि तुमचा फोन कुठे आहे? आल्यापासून दिसला नाही."

"तळ्यात."

"तळ्यात म्हणजे?"

"बर्फाला भोक पाडून बसलो होतो. वाकलो. गेला. नाताळानंतरची गोष्ट. नवीन घ्यायचं राहूनच गेलं. बरं वाटतंय तसं."

आर्वोने हिशेब केला. नाताळानंतर म्हणजे गेले कित्येक आठवडे. तो टेकडीवरून घसरून पुलाखालच्या कालव्यात गेला असता, तर तासाभराने ऑटर लेकच्या तळाशी एक फोन ठणाणा वाजला असता, आणि एखाद्या वॉलाय माशाने बाजूने जाताना त्याकडे बघितलं असतं.

"ते माझं चुकलं," रेइनो म्हणाला. कॉफी संपली होती. आर्वो निघाला. दारात रेइनो म्हणाला, "सावकाश जा." ते नेहमीचंच होतं, पण आर्वोला आता ते कोण म्हणतंय याची खात्री करून घ्यावीशी वाटली, म्हणून त्याने वळून पाहिलं. रेइनोच होता.

घरी पोचल्यावर त्याने बूट काढले आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. पोचला होता. ही गोष्ट जगात फक्त त्यालाच माहीत होती, आणि त्यालाही तिचं फारसं काही वाटत नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्याने सगळ्यांत आधी मोजणी सेवेचं घड्याळ लंडनवरून काढून इथल्या वेळेवर आणलं. आलेखाची सगळी चित्रं डाव्या बाजूला सरकली. बर्बटचा तो बारीक उंचवटा रात्री दहावरून हलला आणि संध्याकाळी पाचच्या जरा पुढे येऊन थांबला. बूट काढायची वेळ. रोज एकटाच येऊन काहीतरी करून जाणारा तो माणूस कोण, हे मोजणी सेवेला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तिला फक्त बघायची परवानगी होती.

"बोंब आली," त्याने मार्लीनला सांगितलं.

"अखेर! कोणाची?"

"माझी."

फोनवर मार्लीनचं टाइप करणं थांबलं. "बर्बटचा मालक तू आहेस?"

"मालक नाही. मी वापर आहे."

"आर्वो, रकाना मालकाचा आहे."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. बिल्ले, फळा, टेकडी, तळ्यातला फोन. क्रिस्टीचं तेवढं गाळलं. मार्लीन मधे एकदाही काही बोलली नाही, आणि पुलाखालच्या लोकांना हे सहसा जमत नाही.

"मालक: आर्वो केंपाइनेन," शेवटी ती म्हणाली. "कारण: कर्मचारी सुरक्षा. लिही. मी मंजूर करते."

"थँक्यू."

"हे इकडेही लावता येईल का?"

"कोणासाठी?"

"असंच," मार्लीन म्हणाली. "एकंदरीत विचारतेय." आणि तिने फोन ठेवला.

आर्वोने बर्बट सुरू केला. आत जाऊन पाहिलं तर रेइनोने सगळं काही एका पानात लिहिलेलं होतं, स्वच्छ, शेजारी एका अक्षराची टिप्पणी नाही. नावांच्या जागी एकच नाव होतं. खाली जागा होती. आर्वोने तिथे दुसरं नाव लिहिलं: रेइनो. तो रोज एकटा बर्फावर जातो, एकटा छपरावर चढतो, एकटा सॉनात बसतो. त्यालाही विचारलं पाहिजे. रेइनोने उत्तर दिलं नाही तर आर्वोचा फोन वाजेल, आर्वोने दिलं नाही तर रेइनोचा.

त्यासाठी रेइनोला फोन हवा होता. कचेरीत एक जुना पडला होता. आर्वोने त्याच्या कव्हरला भोक पाडून लांब दोरी बांधली, लहान पोरांचे हातमोजे हरवू नयेत म्हणून बाह्यांतून ओवतात तशी, आणि दुपारी जाऊन रेइनोच्या गळ्यात घातला.

"मी कुत्रा आहे का?" रेइनो म्हणाला.

"उद्यापासून संध्याकाळी तो तुम्हाला विचारेल. काहीही लिहिलं तरी चालतं. एक अक्षर लिहिलं तरी पुरे."

"मी तर घरीच असतो. पोचायचं कुठून?"

"तळ्यावरून."

रेइनोने दोरी ओढून पाहिली. "गाठ बरी बांधलीस," तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी आर्वो टेकडी उतरला, बूट काढले, पेस्टी ओव्हनमध्ये टाकली. फोन वाजला. "पोचलास?" फोनमध्ये त्या नंबरच्या नावाच्या ठिकाणी त्याने सकाळीच 'रेइनो' पुसून 'बर्बट' असं लिहून ठेवलं होतं. तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला. समोर कोणी नाही हे माहीत असताना उत्तर द्यायला वेगळंच धैर्य लागतं. "पोचलो," त्याने लिहिलं. पाठवलं. मोजणी सेवेच्या आलेखात एक टीचभर रेघ वर गेली असेल, आणि खाली आली असेल.

पेस्टी खाल्ली. ताटली धुतली. उद्या शनिवार, उद्या कोणी विचारणार नव्हतं, परवाही नाही. सुट्टीच्या दिवशी माणूस कुठे पोचायचा राहत नाही, असं रेइनोने त्या पानात गृहीत धरलं होतं.

आणि मग फोन ठणाणा वाजायला लागला.

तो आवाज आर्वोने कधी ऐकला नव्हता. रेइनोने खाणीच्या भोंग्याचा आवाज घातला होता. पडद्यावर दोनच शब्द: रेइनो, उत्तर नाही.

बुटांच्या नाड्या न बांधता आर्वो गाडीत बसला. पूल ओलांडला. वाटेत त्याने तीनदा फोन लावला, कोणी उचलेना. बर्फाचं भोक, सॉनाचं छप्पर, सॉनाची भट्टी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून आलं. या वेळी भाषणाचा विचार त्याने केला नाही. गाडी अंगणात तिरकी घातली, दार ढकलून आत शिरला.

रेइनो टेबलाशी बसला होता. गळ्यात फोन. टेबलावर दोन कप, आणि कापून ठेवलेला नीसू, एका बाजूला कललेला.

आर्वो धापा टाकत दाराला टेकून उभा राहिला.

"तपासत होतो," रेइनो म्हणाला.

"काय?"

"अलार्म बसवला की तपासायचा असतो. मी शिकवलं होतं ना तुला?" त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चालतंय. लवकर आलास."

"मी—" आर्वो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही—"

"नाड्या बांध. पडशील."

आर्वोने नाड्या बांधल्या. दुसऱ्या खुर्चीवर जाळी नव्हती. तो बसला. रेइनोने कॉफी ओतली, आपल्या कपात आणि त्याच्या कपात. अर्धा कप संपल्यावर रेइनोने फोनची दोरी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि तिची गुंडाळी करत राहिला.

"त्या दिवशी तू म्हणालास, कोणी नाही," तो म्हणाला. "दोन दिवस मी तेच धरून बसलोय. कोण क्रिस्टी?"

आर्वोने पावाचा तुकडा तोडला. सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना, कारण सहा वर्षांत त्याला कोणी एका शब्दापेक्षा जास्त विचारलं नव्हतं. म्हणून त्याने टोस्टरपासून सुरुवात केली.